बाळंतिणीची वाट

शिवछत्रपतींच्या जन्मतिथीवर आपल्याकडे जेवढी शाई खर्ची पडली, तेवढी दुसऱ्या एखाद्या तिथीवर क्वचितच पडली असेल. शके १५४९ की १५५१, वैशाख की फाल्गुन, या प्रश्नावर पंडितांच्या दोनतीन पिढ्या हिरिरीने भांडल्या. समित्या बसल्या, अहवाल झाले, आणि अखेर १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख सरकारने मान्य केली. या वादाला माझी मुळीच हरकत नाही. इतिहास म्हटला की वाद आलाच. पण मला एका गोष्टीचे राहून राहून नवल वाटते. त्या दिवशी शिवनेरीवर जिजाबाईंच्या उशाशी कोण बसले होते? सुईण गडावरचीच होती, की पायथ्याच्या जुन्नराहून आणली होती? कळा किती वेळ चालल्या? नाळ कशाने कापली? हे प्रश्न कुणा पंडिताने विचारल्याचे निदान माझ्या तरी वाचनात नाही. ज्या क्षणाची तारीख ठरवण्यासाठी एवढी खटपट झाली, त्या क्षणी जी बाई प्रत्यक्ष कामात गुंतली होती तिचे नाव आपल्याला ठाऊक नाही. लढायांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ, बाळंतपणाचा लिहिणारे थोडे. वास्तविक जीव दोन्हीकडे पणाला लागलेला असतो. आणि तुमच्याआमच्या घराण्यांचे जुने कुलवृत्तांत काढून पाहिले, तर तलवारीने गेलेल्या पुरुषांपेक्षा बाळंतपणात गेलेल्या बायकाच अधिक भरतील, अशी माझी समजूत आहे.

शिवजन्मानंतर सोळाच महिन्यांनी, १६३१ च्या जूनमध्ये, खानदेशात बऱ्हाणपुराच्या वाड्यात एक बाई बाळंत होत होती. तिचे नाव मात्र साऱ्या जगाला ठाऊक आहे. ती मुमताज महल. शहाजहान दख्खनच्या मोहिमेवर आला होता आणि बेगम नेहमीप्रमाणे त्याच्याबरोबर होती. हे तिचे चौदावे बाळंतपण. मुलगी झाली, ती जगली, आई गेली. चौदा मुलांपैकी मोठी झाली ती सात. दुनियेतील सर्वांत श्रीमंत बादशहा शेजारच्या दालनात, हकीम हाताशी, दासींची रांग उभी. आणि तरीही त्या बाईला वाचवण्याचे सामर्थ्य त्या सगळ्या वैभवात नव्हते. तापीच्या काठी झैनाबादच्या बागेत तिला प्रथम पुरले आणि पुढे सहा महिन्यांनी देह आग्र्यास नेला. दिवाळीच्या सुटीत ताजमहाल पाहून येणारी मंडळी प्रेमाचे स्मारक पाहिले म्हणून सांगतात. खरे पाहता ते बाळंतपणात मेलेल्या एका बाईचे स्मारक आहे, आणि त्याचा पाया खानदेशात घातला गेला आहे.

त्याच बऱ्हाणपुराहून सातपुड्याच्या कडेने पश्चिमेकडे निघावे. डाव्या हाताला तापी, उजव्या हाताला डोंगरापलीकडे नर्मदा. चालता चालता डोंगर दाट होत जातात, गावे विरळ होतात. तोरणमाळ मागे पडते, अक्राणी येते, मग अक्कलकुवा तालुका. मेहवासी संस्थानिकांचा हा जुना मुलूख. त्यांतल्या काठी संस्थानाची होळी आजही प्रसिद्ध आहे. पूर्वी हा भाग पश्चिम खानदेशात, नंतर धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला. नंदुरबार म्हटले की आपल्याला १९४२ चा शिरीषकुमार आठवतो. पण जिल्ह्याची सुमारे सत्तर टक्के वस्ती आदिवासी आहे, भिल्ल, पावरा, वसावे, तडवी, कोकणी, मावची, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. या जिल्ह्याच्या अगदी उत्तरेच्या टोकाला, जेथे महाराष्ट्राची भूमी नर्मदेच्या पाण्याला टेकते, तेथे मणिबेली हे गाव आहे.

जुन्या पिढीतील परिक्रमावासीयांना मणिबेली ठाऊक होती ती शूलपाणेश्वराच्या देवळामुळे. शूलपाणीच्या झाडीत भिल्ल वाटसरूंना लुटतात आणि लंगोटीवर सोडतात, या कथा आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. पुढच्या पिढीला हे नाव कळले ते सरदार सरोवरामुळे. १९६१ साली पंडित नेहरूंनी नवागामला धरणाची कोनशिला बसवली. १९७९ मध्ये लवादाचा निवाडा झाला, १९८५ मध्ये जागतिक बँकेचे कर्ज मंजूर झाले. महाराष्ट्रातील तेहतीस गावे बुडीत क्षेत्रात आली, अक्कलकुव्याची नऊ आणि अक्राणीची चोवीस. धरणाच्या भिंतीपासून पहिले ते मणिबेली. येथे सत्याग्रह झाले, पोलीस आले, घरे पाण्यात गेली. बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये प्रतिकूल अहवाल दिला आणि १९९३ मध्ये बँक प्रकल्पातून बाहेर पडली. १९९४ साली मोठ्या धरणांविरुद्ध जगभरच्या संघटनांनी जे जाहीरपत्रक काढले, त्याला त्यांनी नाव दिले 'मणिबेली जाहीरनामा'. शूलपाणेश्वराचे जुने देऊळ पाण्याखाली गेले. नवे गुजरातेत गोरा येथे उभे राहिले. धरण चांगले की वाईट, हा या लेखाचा विषय नाही. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि पुढेही लिहिले जाईल. मला विचारायचे आहे ते निराळेच. ज्या गावाचे नाव जगातल्या परिषदांत घेतले गेले, त्या गावातल्या बाईला कळा सुरू झाल्या तर ती जाते कोठे?

त्याच १९९४ साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन विदुषींनी एक निबंध प्रसिद्ध केला. गरीब देशांत बाळंतिणी का मरतात, याचा त्यांनी शोध घेतला आणि उत्तर एका शब्दात सांगितले: विलंब. हा विलंब तीन ठिकाणी होतो. पहिला घरात: बाईला दवाखान्यात न्यायचे की नाही, हे ठरवण्यात. दुसरा वाटेत: दवाखान्यापर्यंत पोहोचण्यात. तिसरा दवाखान्याच्या दारात: पोहोचल्यावर डॉक्टर, रक्त, औषध मिळण्यात. निबंधातील दाखले पुष्कळसे आफ्रिकेचे आहेत. परंतु वाचताना सातपुडा डोळ्यांसमोर उभा राहतो. सासू म्हणते, अजून थोडी वाट पाहू. मग नवरा चार माणसे गोळा करायला पाड्यापाड्याने हिंडतो. मग बांबूला झोळी बांधून, दोन्ही टोकांना खांदे देऊन, बाईला डोंगर उतरून नेतात. या वाहनाला नंदुरबारकडे आता 'बांबुलन्स' असे नाव पडले आहे. नाव ऐकून हसू येते. झोळीत कोण आहे हे आठवले की ते मावळते.

पण मी फार पुढे आलो. मागे वळू या, कारण सातपुड्यातल्या त्या बाईचे दुखणे फार दूरचे नाही. ते आपल्याच माजघरातले होते, आणि त्याला अजून शंभर वर्षेही झाली नाहीत.

माझ्या आजीला नऊ मुले झाली, जगली चार. ती गेलेल्यांची नावे घेत नसे, त्यांतल्या दोघांचे तर बारसेच झाले नव्हते. घराच्या मागच्या बाजूला, जेथे उजेड नाही आणि वारा नाही, अशी एक खोली बाळंतिणीसाठी असे. जुनेरे अंथरायचे, शेगडी धुमसत ठेवायची, विटाळ म्हणून दहा दिवस कोणी शिवायचे नाही. पहिला चीक वाईट म्हणून पिळून टाकायचा आणि बाळाला मधाचे बोट द्यायचे. पाचव्या-सहाव्या रात्री सटवाईची पूजा व्हायची. पाटा-वरवंटा मांडायचा, जवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, रात्रभर दिवा जागवायचा. कारण त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी अक्षरे लिहून जाते.

ही पाचवी-सहावीची रात्रच का? लोकाचाराचे मूळ एकच एक असते असे नाही. पण मला एक तर्क सुचतो तो सांगतो. कोयत्याने, विळ्याने किंवा बांबूच्या चिपेने कापलेल्या नाळेतून धनुर्वाताचे विष अंगात शिरले, तर त्याची लक्षणे बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस दिसू लागतात. बाळ चांगले रडत असते, पीत असते. मग अचानक तोंड मिटते, पिणे थांबते, अंग धनुष्यासारखे ताठ होते. चार दिवस हसतेखेळते वाटणारे लेकरू सहाव्या-सातव्या दिवशी जाते, हे ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, त्यांनी त्याच रात्री दैवाला जागरण घातले असेल तर त्यात वेडेपणा तो कोणता? निरीक्षण अचूक होते. कारण तेवढे ठाऊक नव्हते.

आणि हे केवळ आपल्याच अडाणीपणाचे लक्षण मानू नये. स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात सेंट किल्डा नावाचे एक एकाकी बेट आहे. एकोणिसाव्या शतकात, इंग्रजांच्या साम्राज्यावरचा सूर्य अगदी माथ्यावर असताना, त्या बेटावरची अर्भके अशीच आठवड्याभरात धनुर्वाताने दगावत. लोक त्याला 'आठ दिवसांचे दुखणे' म्हणत आणि ईश्वरेच्छा समजत. अखेर अँगस फिडिस नावाचा तेथला पाद्री ग्लासगोला जाऊन जंतुनाशक पद्धती शिकून आला, नाळेची निगा बदलली, आणि १८९० नंतरच्या थोड्याच वर्षांत ते दुखणे बेटावरून नाहीसे झाले. व्हिएन्नाच्या सुतिकागृहात १८४७ मध्ये सेमेलवाइसने डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले, तेव्हा बाळंतज्वराने मरणाऱ्या बायका झपाट्याने कमी झाल्या; पण डॉक्टरांचे हात मळलेले असतात हे ऐकून घ्यायला डॉक्टर तयार नव्हते. सारांश, शहाणपण जन्मजात कुणाकडेच नव्हते. ते कोठे आधी पोहोचले, कोठे उशिरा. आपल्या देशातून माता व अर्भकांचा धनुर्वात हटला हे अधिकृतपणे जाहीर व्हायला २०१५ साल उजाडले.

महाराष्ट्रात हे शहाणपण आले ते एका मेलेल्या बाळाच्या वाटेने. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. पुढे त्या फिलाडेल्फियाला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. दुसरा कोणता असणार? वयाच्या एकविसाव्या वर्षी त्या स्वतःच गेल्या, म्हणून ती कथा आपण दुःखान्त म्हणून सांगतो. परंतु त्याच सुमारास काळ कूस बदलत होता. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाने स्त्रियांच्या उपचारासाठी निधी उभा राहिला, १८८६ मध्ये मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले. कर्झनसाहेबांच्या काळात दायांना शिक्षण देण्यासाठी निधी निघाला. पुण्याच्या सेवासदनाने रमाबाई रानड्यांच्या प्रेरणेने विधवांना परिचारिका आणि सुईण होण्याची वाट दाखवली. सोवळ्या घरातली विधवा दुसऱ्याचे बाळंतपण करायला जाते, यात केवढी सामाजिक क्रांती होती, हे आज सांगूनही पटणार नाही.

हे सारे शहरांत. खेडे होते तसेच राहिले. १९४६ मध्ये भोर समितीने देशाच्या आरोग्याचा जमाखर्च मांडला. हजार जन्मांमागे सुमारे वीस माता मरतात, वर्षाकाठी सुमारे दोन लाख बायका बाळंतपणापायी जातात, आणि एवढ्या मोठ्या देशात शिकलेल्या सुईणी अवघ्या पाच हजारांच्या घरात आहेत, असा तो हिशेब होता. समितीने सुचवलेली प्राथमिक आरोग्य केंद्रे १९५२ पासून उभी राहू लागली. इमारती झाल्या, पण इमारत जागची हलत नाही आणि अडलेल्या बाईला हलवता येत नाही, हा पेच उरलाच.

तो सोडवण्याचे दोन मोठे प्रयोग महाराष्ट्राच्याच मातीत झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे दांपत्य नगर जिल्ह्यातील दुष्काळी जामखेडला आले. त्यांनी गावागावांतून एकेक बाई निवडली, पुष्कळदा निरक्षर, पुष्कळदा दलित, आणि तिला शिकवले: गरोदर बाईला तपासावे कसे, धोका ओळखावा कसा, नाळ स्वच्छ पात्याने का कापावी. डॉक्टरच्या हातातली विद्या गावच्या बाईच्या हाती गेली. जामखेडची हकीगत जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये आपल्या ग्रंथात छापली, आणि तीन वर्षांनी आल्मा-आटा येथे 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा झाली तेव्हा जगापुढे जी थोडी उदाहरणे होती, त्यांत जामखेड होते.

दुसरा प्रयोग गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे काम सुरू केले. त्यांना दिसले की बाळे मरतात ती बहुतेक पहिल्या महिन्यात, त्यांतही पहिल्या आठवड्यात, आणि मरतात घरीच. शास्त्राचा आग्रह असा की आजारी नवजात बाळ रुग्णालयातच हवे. आणि गडचिरोलीच्या आईबापांचे म्हणणे असे की ते आम्ही नेऊ शकत नाही. तेव्हा रुग्णालयच घरी नेले पाहिजे, असे बंगांनी ठरवले. एकोणचाळीस गावांतील आरोग्यदूत बायकांना बाळाचे वजन करायला, श्वास मोजायला, न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायला, कमी वजनाच्या बाळाला उबदार पिशवीत ठेवायला, आणि जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन द्यायलाही शिकवले. पाचवी-सातवी शिकलेली बाई नवजात बाळाला सुई टोचते, म्हणून पुष्कळ विद्वान खवळले. १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: नवजात बालकांचे मृत्यू बासष्ट टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून भारत सरकारने घरोघरी नवजात बालसेवेचे काम 'आशा' कार्यकर्तींकडे दिले, त्याचे मूळ या झोपड्यांत आहे.

येथून धागा आफ्रिकेकडे जातो. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळाच्या घरी पहिल्या आठवड्यात भेट देण्याची शिफारस जगाला केली. घाना, युगांडा, टांझानिया, मलावी या देशांत गृहभेटींचे प्रयोग झाले. इथिओपियाने तर २००३ पासून गावोगावी दोन-दोन शिकलेल्या मुली नेमून तीस हजारांवर आरोग्यसेविकांचे जाळे विणले. गडचिरोलीइतका मोठा फरक सगळीकडे पडला नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. घानामध्ये कार्यकर्ती घरी जाई, पाहणी करी आणि बाळाला दवाखान्यात न्या म्हणून सांगे. गडचिरोलीत ती तेथेच उपचार करी. माझ्या मते मोठा फरक येथेच आहे. सल्ला घरी आला आणि औषध दूरच राहिले, तर दुसरा विलंब, वाटेचा, जागचा हलत नाही.

आफ्रिकेकडून आपणही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. २०२३ साली जगात सुमारे दोन लाख साठ हजार स्त्रिया गर्भारपण व बाळंतपण यांपायी गेल्या, त्यांतील सत्तर टक्के सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत. याच खंडातील केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिका या देशांतील ऐंशी रुग्णालयांत एक साधी गोष्ट करून पाहिली. बाळंतिणीखाली खुणांचे माप असलेली प्लास्टिकची झोळी ठेवायची. रक्त किती गेले, हे अदमासाने न सांगता मोजायचे. आणि अमुक खुणेवर गेले की पोट चोळणे, औषधे, सलाईन, तपासणी हे सगळे एकदमच सुरू करायचे. गंभीर रक्तस्राव आणि त्याचे दुष्परिणाम साठ टक्क्यांनी कमी झाले. हे मी वाचले तेव्हा मला बऱ्हाणपुरची बेगम आठवली. शहाजहानच्या खजिन्यात जे नव्हते, ते नैरोबीच्या परिचारिकेच्या हाती आज आहे.

सातपुडा आणि आफ्रिका यांना जोडणारा आणखी एक दुवा आहे. तो रक्तातलाच आहे. सिकलसेल नावाचा रक्तदोष नंदुरबारच्या भिल्ल-पावरांत बराच आढळतो आणि आफ्रिकेतही. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. दोष एकाच पालकाकडून आला तर माणसाला हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते, हे १९५४ साली ॲलिसन यांनी दाखवले. म्हणून जेथे डास तेथे हा दोष टिकून राहिला. पण दोन्हीकडून आला तर आयुष्यभर वेदना, आणि अशा बाईला गर्भ राहिला तर जिवाला दुहेरी धोका. मणिबेलीची गरोदर बाई आणि नायजेरियातली गरोदर बाई एकमेकींची भाषा जाणत नाहीत. डासांनी मात्र दोघींच्या रक्तात एकच खूण ठेवली आहे.

आता मणिबेलीच्या काठावर येऊ. पूर्वी नदीकाठाने वाट होती. धरणाचे पाणी चढले तशी ती वाट बुडाली, टेकड्यांची बेटे झाली, शेजारचा पाडा पाण्यापलीकडे गेला. तेव्हा दवाखानाच पाण्यावर आणला. या शतकाच्या पहिल्या दशकात नर्मदेवर तरंगता दवाखाना आणि बोटीची रुग्णवाहिका आली, आणि या तेहतीस गावांच्या बाजूने ती फिरू लागली. कल्पना चांगली, पण नावेला डिझेल लागते, नावाडी लागतो, डॉक्टर लागतो, आणि पाणी हटले की उरलेला चिखल तुडवावा लागतो. २०२० साली साथ आली आणि बायका भीतीने बाहेर पडेनाशा झाल्या, तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी एका कोळ्याची नाव मागून घेतली आणि अलिगाट, दादर या पाड्यांपर्यंत रोज सुमारे अठरा किलोमीटर वल्हवीत जाऊन गरोदर बायका आणि बाळे यांची वजने घेतली, आहार पोहोचवला. वर्तमानपत्रांनी त्यांचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. मात्र बाळाचे वजन घेण्यासाठी एका बाईला अठरा किलोमीटर वल्हवावे लागते, यात कौतुकाइतकाच एक हिशेबही दडलेला आहे, तो कौतुकाच्या भरात विसरू नये.

आकडे चांगले आहेत, हे खरे. २०१८ ते २० या काळात लाख जन्मांमागे मातांचे मृत्यू देशात ९७, आणि महाराष्ट्रात अवघे ३३. केरळाखालोखाल आपला नंबर. भोर समितीच्या काळातील दोन हजारांवरून येथवर येणे हे केवढे तरी यश आहे. पण सरासरी ही एक सोयीची चादर असते. ती ओढली की डोके झाकते आणि पाय उघडे पडतात. आपल्या राज्याचे पाय सातपुड्यात आहेत. शिवाय दिवाळी सरली की या डोंगरातली कुटुंबेच्या कुटुंबे दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. पोटुशी बाईही जाते. आशेच्या वहीत तिचे नाव असते, अंगणवाडीच्या पाटीवर असते. ती मात्र बैलगाडीच्या सावलीत, दुसऱ्या राज्यात. आपल्या फराळातली साखर गोड करणाऱ्या हातांत असे हातही आहेत.

यावर सरकारने जे उपाय केले, त्यांत एक मला फार आवडला. त्याचे नाव 'माहेरघर'. दिवस भरत आले की दूरच्या पाड्यावरच्या बाईने आरोग्य केंद्राच्या आवारातल्या खोलीत येऊन राहायचे, सोबत घरचे माणूस आणायचे, आणि वेळ आली की दहा पावलांवर दवाखाना. इथिओपिया, झिंबाब्वे अशा देशांतही प्रसूतीपूर्वी राहण्याच्या अशा खोल्या आहेत. पण तेथे त्यांना नुसती प्रतीक्षागृहे म्हणतात. आपल्या कोणा भल्या माणसाला माहेर हा शब्द सुचला. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत काय होती? दमलेल्या मुलीला काही आठवडे तरी कोणी हुकूम करू नये, ताटात गरम पडावे, रात्री हाक मारली तर ओ मिळावी. तिन्ही विलंब टाळण्याची ती जुनी, घरगुती व्यवस्थाच होती. २०१५ पासून आदिवासी भागात गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत रोज एक वेळचे गरम जेवण देणारी डॉ. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे, तिचाही आशय तोच.

पण नाव दिल्याने माहेर होत नाही. खोली झाडलेली नसेल, चुलीला सरपण नसेल, भिली किंवा पावरी बोलणारे कोणी नसेल, आणि घरी टाकून आलेल्या थोरल्या लेकरांना कोण सांभाळणार याचे उत्तर नसेल, तर बाई तेथे राहत नाही. मग वरिष्ठ म्हणतात, आदिवासी अज्ञानी आहेत. सटवाईची रात्र जागवणाऱ्या आपल्या आज्या अज्ञानी होत्या असे आपण म्हणतो, तसेच. ज्या बाईला माहेर मिळते ती माहेरी राहते. यासाठी निराळे ज्ञान लागत नाही.

या दिवाळीत पुष्कळ घरी पाळणा हलला असेल, कोणाकडे डोहाळजेवणाची तयारी चालली असेल. भाऊबीजेला बहिणी माहेरी येतील, अंगणात मुले फटाके उडवतील, आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या जन्माच्या वेळी कोणीतरी हात धुतले होते, स्वच्छ पात्याने नाळ कापली होती, रक्त थांबले की नाही हे पाहिले होते. त्या हातांची नावे आपल्या घरात तरी टिपून ठेवावीत, एवढीच माझी वाचकांना विनंती आहे. थोरल्यांना विचारा, अजून सांगणारे आहेत. मी आमच्या घरच्या वहीत लिहिले आहे: आजीच्या नऊ बाळंतपणांपैकी पहिल्या पाचांना गावची सुईण होती, पुढच्या चारांना तालुक्याच्या दवाखान्यात शिकून आलेली परिचारिका. जगलेल्या चारांपैकी तिघे त्या दुसऱ्या यादीत आहेत. माझे वडील त्यांतलेच एक.